उरणारं लिव्हर २२ टक्के की २४ टक्के?

निफाड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वडील ५८ वर्षांचे, द्राक्षबागायतदार. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यानंतर केमोचे आठ डोस झाले. लिव्हरमधल्या गाठी केमोने आकसल्या आहेत आणि आता लिव्हरचा उजवा भाग व त्याला लागून असलेला मधला तुकडा काढायचा आहे. नाशिकच्या सर्जनांनी सांगितलं, "मागे २२ टक्केच लिव्हर उरेल, ते पुरणार नाही. आधी एक रक्तवाहिनी बंद करू, महिनाभर थांबू, मग ऑपरेशन." दुसरं मत घ्यायला मुंबईला गेले, तर त्याच सिटी स्कॅनवरून तिथे २४ टक्के सांगितलं. घरात आता गोंधळ आहे. काका म्हणतात, लिव्हर तर परत वाढतं, मग महिना कशाला घालवायचा? ताईंचा प्रश्न असा: दोघांतलं कोण चुकतंय, आणि धोका थांबण्यात आहे की न थांबण्यात?

ताई, कोणीच चुकत नाहीये. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही रिपोर्टांमध्ये एक आकडा सारखाच आहे, त्याच्याकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. उरणाऱ्या भागाचं आकारमान दोघांनीही २९० मिलीलीटरच लिहिलंय. फरक पडलाय तो भागाकारात. २९० ला कशाने भागलं, ते दोन्ही ठिकाणी वेगळं आहे. टक्केवारी सांगताना ही गोष्ट आम्ही डॉक्टर सांगायची विसरतो आणि मग घरोघरी असे वाद होतात.

सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण बाबांच्या बाबतीत निर्णय या आकड्यांवरच होणार आहे.

लिव्हर म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात आपण 'काळीज' म्हणून मागतो ते हेच. बाहेरून ते एकसंध दिसतं, पण आत त्याचे आठ तुकडे असतात आणि प्रत्येकाला रक्त आणणारी स्वतःची फांदी व पित्त वाहून नेणारी स्वतःची नळी असते. ही आठ भागांची मांडणी क्लोद क्विनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने १९५७ साली केली. आजही आमचं सगळं ऑपरेशन त्याच नकाशावर चालतं. आठ भाग सारखे नसतात. उजवी बाजू साधारण दोन तृतीयांश असते, डावी एक तृतीयांश. डाव्या बाजूतही अगदी टोकाचे दोन भाग, म्हणजे दुसरा आणि तिसरा, मिळून बहुतेकांमध्ये एकूण लिव्हरच्या १५ ते २० टक्केच भरतात. बाबांच्या गाठी उजवीकडे आणि चौथ्या भागात आहेत. म्हणजे मागे राहणार ते दुसरा, तिसरा आणि मागच्या बाजूचा छोटासा पहिला भाग. २२ टक्के ऐकून तुम्ही घाबरलात, पण ही अशी शरीराची नेहमीची ठेवण आहे. बाबांचं लिव्हर जगावेगळं नाही.

आता २९० मिलीलीटर कुठून आले? शिरेतून औषध सोडून सिटी स्कॅन काढतात. औषध पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत, भरलेलं असतानाच्या टप्प्यातली चित्रं घेतात, कारण तेव्हा लिव्हरच्या आतल्या शिरा स्पष्ट दिसतात. मग काही मिलीमीटर जाडीच्या एकेका चकतीवर, उरणाऱ्या भागाची कड माउसने आखायची. प्रत्येक चकतीचं क्षेत्रफळ गुणिले जाडी, आणि सगळ्यांची बेरीज. आता संगणक हे बरंचसं आपोआप करतो, पण कापायची रेघ कुठून जाणार हे सर्जनने रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून दाखवावं लागतं. मी अजूनही बसतो. मधली शीर डावीकडे ठेवायची की उजवीबरोबर काढायची, एवढ्या एका प्रश्नाने उत्तर पन्नास-साठ मिलीलीटरने बदलू शकतं.

वरचा आकडा ठरला. खाली काय घ्यायचं? सगळ्यात सोपं म्हणजे त्याच स्कॅनवर पूर्ण लिव्हर मोजायचं. पण त्यात गाठीही येतात आणि गाठी लिव्हरचं काम करत नाहीत. बाबांचं पूर्ण लिव्हर १७२० मिलीलीटर भरलं, त्यातल्या गाठी ३८०. गाठी वजा न करता भागलं तर १७ टक्के येतात, वजा करून भागलं तर २२. माणूस तोच, स्कॅन तोच.

हे मोजमाप काही रुग्णांमध्ये फसवं असतं. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेलं असताना, ते मुळातच आकसलेलं असतं. आकसलेल्या एकूण आकाराने भागलं की टक्केवारी मोठी दिसते आणि खोटा धीर येतो. पित्त अडून कावीळ झाली असेल तर उलट, लिव्हर सुजून मोठं झालेलं असतं. शिवाय लहान लहान गाठी दहा-पंधरा असतील तर प्रत्येकीची वजाबाकी करताना चुका साठत जातात. म्हणून दुसरी पद्धत आली: या उंचीच्या, या वजनाच्या माणसाचं निरोगी लिव्हर केवढं असायला हवं ते सूत्राने काढायचं आणि त्याने भागायचं. शरीराला केवढं लिव्हर लागतं हे शरीराच्या आकारावर ठरतं, आजारी लिव्हर आज केवढं दिसतंय त्यावर नाही. हा विचार मला जास्त पटतो.

बाबांचंच गणित करून दाखवतो. उंची १६४ सेंटीमीटर, वजन ६२ किलो. दोन्हींचा गुणाकार करून ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. शरीराचं पृष्ठफळ आलं १.६८ चौरस मीटर. आता २००२ साली प्रसिद्ध झालेलं एक सूत्र आहे, पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवर बेतलेलं. पृष्ठफळाला १२६७.२८ ने गुणायचं आणि ७९४.४१ वजा करायचे. उत्तर १३३५ मिलीलीटर. दुसरं सूत्र उराता यांचं, १९९५ सालचं, जपानी लोकांच्या मोजमापांवरून केलेलं. पृष्ठफळाला ७०६.२ ने गुणायचं, २.४ मिळवायचे. उत्तर ११८९.

२९० भागिले १३३५ म्हणजे २२ टक्के. २९० भागिले ११८९ म्हणजे २४ टक्के. नाशिकच्या डॉक्टरांनी पहिलं सूत्र वापरलं, मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरं. एवढाच फरक आहे, ताई.

आपली माणसं कोणत्या सूत्रात बसतात? आपली शरीरयष्टी दोन्ही गटांपेक्षा वेगळी आहे, म्हणून मी स्वतः दोन्ही सूत्रं लावतो आणि जो आकडा जास्त सावध करेल तो धरून चालतो. त्याशिवाय एक तिसरा, अगदी साधा हिशेब करतो, ज्यात सूत्रच लागत नाही. उरणारं लिव्हर भागिले शरीराचं वजन. एक मिलीलीटर म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम. निरोगी लिव्हर असलं तरी उरणारा भाग शरीराच्या वजनाच्या निदान अर्धा टक्का हवा. बाबांच्या ६२ किलोला ३१० ग्रॅम लागतात. आहेत २९०. म्हणजे केमो झालेल्या बाबांच्या लिव्हरसाठी तिन्ही वाटांनी गेलं तरी आपण कमीच पडतो, ते कसं हे पुढे सांगतो. मुंबईच्या डॉक्टरांनी २४ म्हटलं म्हणजे "ऑपरेशन लगेच करा" म्हटलं, असं घरी कोणी समजलं असेल तर तसं नाही. त्यांच्या कागदावरही शेवटच्या ओळीत एम्बोलायझेशनचाच, म्हणजे आधी रक्तवाहिनी बंद करण्याचाच सल्ला आहे. पुन्हा एकदा वाचा.

किती उरलं म्हणजे पुरतं, या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. लिव्हर निरोगी असेल तर २० टक्के उरलं तरी माणूस तरतो. काही जण २५ धरतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त केमो झाली असेल किंवा लिव्हरमध्ये बरीच चरबी असेल तर ३० टक्के. सिरॉसिस असेल तर ४०, आणि तेही लिव्हरचं काम नीट चालू असेल तर. नाहीतर एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा विचारच करायचा नाही. स्वतःचं लिव्हर दान करणाऱ्या निरोगी माणसाच्या बाबतीतही आम्ही ३० ते ३५ टक्क्यांच्या खाली जात नाही, कारण तो रुग्ण नाही, त्याच्या जिवाशी खेळायचा आम्हाला अधिकार नाही.

बाबांना द्राक्षाच्या भाषेत सांगा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. ऑक्टोबर छाटणीला वेलीवर किती काड्या ठेवायच्या, हे ते सगळ्या बागेला एकच आकडा लावून ठरवत नाहीत. वेलीची ताकद बघतात. मागच्या हंगामात आजारलेली वेल आणि भरलेल्या ओलांड्याची वेल यांना एकच माप लागत नाही.

बाबांचं लिव्हर यात कुठे बसतं? आठ डोस म्हणजे पंधरा दिवसांनी एक या हिशेबाने साधारण चार महिने केमो झाली, आणि त्यात ऑक्सॅलिप्लॅटिन होतं. हे औषध चांगलं काम करतं, पण लिव्हरमधल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतं. ऑपरेशनच्या टेबलावर असं लिव्हर निळसर दिसतं. रिपोर्टात याची खूण आधीच मिळते: प्लेटलेट १ लाख १२ हजार आणि प्लीहा थोडी वाढलेली. प्लेटलेट कमी दिसल्या की आपल्याकडे लोकांना डेंग्यूच आठवतो, पण केमोनंतर या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी लिव्हरकडे संशयाने बघतो. म्हणून बाबांसाठी माझं माप ३० टक्के. १३३५ चे ३० टक्के म्हणजे ४०० मिलीलीटर. हा ४०० चा आकडा लिहून ठेवा.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात शिकत होतो. एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, मधुमेही, पोट सुटलेलं. गणित व्यवस्थित केलं होतं, २८ टक्के उरणार होते. ऑपरेशन चार तासांत झालं, रक्तही फारसं गेलं नाही. पण ते २८ टक्के चरबीने भरलेलं लिव्हर होतं आणि ती चरबी किती आहे, हे ऑपरेशनआधी कोणी मोजलंच नव्हतं. बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीचा, आकडा रोज सकाळी केसपेपरवर मीच लिहायचो. दोन, साडेतीन, पाच, आठ. पोटात पाणी साठत गेलं, मग बोलणं असंबद्ध झालं. तिसऱ्या आठवड्यात ते गेले. ऑपरेशन चांगलं झालंय असं त्यांच्या पत्नीला पहिल्या रात्री मीच सांगितलं होतं. तेव्हापासून टक्केवारी ऐकली की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कसल्या लिव्हरचे टक्के?

म्हणून आकारमानाबरोबर लिव्हरची प्रतही तपासतात. चरबी एमआरआयवर मोजता येते, कडकपणा फायब्रोस्कॅनवर. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देऊन १५ मिनिटांनी रक्तात किती शिल्लक राहिला ते बघतात. निरोगी लिव्हर बहुतेक सगळा साफ करतं, १० टक्क्यांपेक्षा कमी उरतो. जपानमध्ये सिरॉसिसच्या रुग्णांमध्ये किती कापायचं हे बरंचसं या चाचणीवर ठरवतात. तुमच्या बाबांना कावीळ नाही, सिरॉसिस नाही, त्यामुळे ही चाचणी झाली नाही म्हणून काळजी करू नका. चरबीची चौकशी मात्र जरूर करा.

आता काकांचा मुद्दा. लिव्हर परत वाढतं, हे अगदी खरं आहे. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांचं दोन तृतीयांश लिव्हर काढून दाखवलं की उरलेलं थोड्याच दिवसांत मूळच्या आकाराला येतं. माणसातही पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने वाढ होते आणि पुढे काही महिने चालू राहते. कापलेला भाग तसाच फुटून येत नाही, उरलेलाच फुगतो. पण काका एक गोष्ट धरत नाहीत. वाढ व्हायला दिवस लागतात आणि शरीर एक दिवसही थांबत नाही. रक्त गोठवणारे घटक रोज लागतात, साखर सांभाळावी लागते, अमोनिया साफ व्हावा लागतो. उरलेल्या पेशींनी दुप्पट-तिप्पट काम करायचं आणि त्याच वेळी स्वतःही वाढायचं. शिवाय आधी संपूर्ण लिव्हरमधून वाहणारं पोर्टल व्हेनचं रक्त आता त्या छोट्या तुकड्यातून जायला लागतं. पाटाचं अख्खं पाणी एका लहान वाफ्यात सोडलं तर वाफा फुटतो, तसंच इथे होतं. ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. पॅरिसच्या सर्जनांनी २००५ साली मांडलेला निकष अजून वापरतात: पाचव्या दिवशी प्रोथ्रोम्बिन, म्हणजे रक्त गोठण्याच्या ताकदीचं माप, ५० टक्क्यांच्या खाली आणि बिलिरुबिन ५० मायक्रोमोलच्या वर, म्हणजे आपल्या लॅबच्या भाषेत साधारण ३ च्या वर, अशा दोन्ही गोष्टी असतील तर जिवाला मोठा धोका आहे असं समजायचं. एकदा लिव्हर असं बसलं की त्याला उभं करणारं खात्रीचं औषध आमच्याकडे नाही. म्हणून सगळा विचार आधीच करायचा.

आणि त्याच पाण्याचा उपयोग ऑपरेशनच्या आधी करून घेता येतो. तुमच्या सर्जनांनी सुचवलेलं एम्बोलायझेशन नेमकं हेच आहे. पोर्टल व्हेनच्या उजव्या फांदीचं दारं बंद करायचं, बाबांच्या बाबतीत बहुधा चौथ्या भागाच्या फांद्यांचंही, की सगळं पाणी डाव्या वाफ्याकडे वळतं. पण हळूहळू, आणि उजवी बाजू अजून पोटातच असते, तीही थोडंफार काम करत असते. त्यामुळे डावीला सवडीने वाढता येतं. जपानच्या माकुउची यांनी ही पद्धत १९९० साली प्रसिद्ध केली. पोट उघडावं लागत नाही. सोनोग्राफीवर बघत त्वचेतून सुई घालतात आणि बारीक कण, कॉइल किंवा गोंदासारखं औषध सोडून फांदी बुजवतात. दोन-तीन दिवस थोडा ताप, थोडं दुखणं. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात.

तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. आणि इथे मला ती महिन्याची वाट वाया गेली असं वाटत नाही, ती वाटच मला सगळ्यात मोलाची माहिती देते. किती वाढलं एवढंच मी बघत नाही, किती वेगाने वाढलं तेही बघतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की आठवड्याला निदान २ टक्क्यांनी वाढणारं लिव्हर ऑपरेशननंतर सहसा दगा देत नाही. बाबांचे २२ टक्के या वेगाने चार आठवड्यांत ३० होतात. जे लिव्हर महिनाभर सगळं रक्त मिळूनही हलत नाही, ते ऑपरेशननंतरच्या ताणात हलेल अशी आशा मी धरत नाही. हे मला पोट उघडण्याआधी कळतं, यासाठी मी चार आठवडे आनंदाने देतो.

थांबण्यात धोका नाहीच, असं म्हणणार नाही. मधल्या काळात गाठ वाढू शकते. म्हणून वाट बघतानाही केमो चालू ठेवायची की नाही हे तुमचे कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील. ऑपरेशनआधी शेवटच्या डोसनंतर चार ते सहा आठवडे मोकळे हवेत, ते धरूनच तारखा आखाव्या लागतात. एक जलद मार्गही आहे, दोन टप्प्यांचं ऑपरेशन. पहिल्या टप्प्यात फांदी बांधून लिव्हर आतल्या आत चिरून ठेवायचं, आठवड्या-दीड आठवड्याने आजारी भाग काढायचा. २०१२ साली जर्मनीतून त्याचा पहिला मोठा अहवाल आला. नऊ दिवसांत उरणारा भाग ७४ टक्क्यांनी वाढला होता, पण २५ रुग्णांपैकी तीन दगावले. पुढे रुग्णांची निवड सुधारली तसे निकालही सुधारले. तरी बाबांसारख्या, केमोचा मार खाल्लेल्या लिव्हरला मी आधी सौम्य मार्ग देईन.

या महिन्यात घरी काय करायचं ते तुमच्या हातात आहे. दारू पूर्ण बंद, एक घोटही नाही. मधुमेह असेल तर साखर काटेकोर. डाळी, अंडी, दूध, दही पोटभर. "लिव्हरचा आजार आहे म्हणून फक्त पेज" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, वाढायला प्रथिनं लागतात. बागेत रोज चालू दे त्यांना. आणि कोणी प्रेमाने काढे आणून दिले तर हात जोडून परत करा. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. या महिन्यात बाबांच्या लिव्हरवर कुठलाही प्रयोग नको.

पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला आणि मोजणी त्याच डॉक्टरांकडून करून घ्या, त्याच सूत्राने. वेगळ्या हाताने, वेगळ्या सूत्राने मोजलं तर २२ चे २४ काहीच न वाढताही होतात, हे तुम्ही आता पाहिलंच आहे. टक्के विचारू नका, मिलीलीटर विचारा. ४०० किंवा त्याच्या वर असेल आणि रक्ताच्या तपासण्या ठीक असतील तर बाबांना घेऊन निर्धास्त ऑपरेशनला जा. ३५० च्या आसपास असेल आणि वाढ चालू दिसत असेल तर अजून दोन आठवडे थांबायला सांगतील, थांबा. २९० चे जेमतेम ३०० झाले असतील तर उजवीकडची रक्त परत नेणारी शीरही बंद करून बघता येतं. नाहीतर काही गाठी छोट्या तुकड्यांत काढून, काही सुईने जाळून जास्त लिव्हर वाचवता येतं का, हे नव्याने मांडावं लागतं. तसं झालं तर दोन्ही स्कॅनच्या सीडी घेऊन बाबांसकट या. नुसता रिपोर्टचा कागद पुरणार नाही, मला शिरा बघाव्या लागतील.